दोन तारांच्या ‘तमाशा’बद्दल: मिरजेच्या वाचकांना उत्तर

मिरजेहून लिहिणाऱ्या वाचकांस,

‘मॉर्फिन’ या बोस्टनकडच्या तिघांच्या रॉक बँडवर मी गेल्या आठवड्यात लिहिलं. त्यांचा गाणारा मार्क सँडमन दोनच तारांचा बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, वाजवायचा. त्या लेखावर आपली प्रतिक्रिया आली. पहिल्यांदा वाचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. लगेच उत्तर लिहायला बसलो, तर बायको म्हणाली, राग शांत होऊ दे, सकाळी लिही. सकाळ झाली, दुपार झाली, राग आहे तिथंच आहे. तेव्हा लिहितोच.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपलं म्हणणं असं, की दुसऱ्या अल्बमचं साल मी चुकवलं. या बँडला श्रोते मिळाले ते रेकॉर्ड कंपनीनं माल दुकानोदुकानी पोचवला म्हणून, मी म्हणतो तसे गावोगाव वाजवून नव्हे. लेख लांबला आहे आणि निम्मा माझ्याबद्दलच आहे. आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: ‘दोन तारांवर काय डोंबल वाजणार, नुसता तमाशा आहे, ज्यांना स्वतःला वाजवता येत नाही त्यांनाच असलं आवडतं.’

सालाचं आपलं बरोबर आहे. १९९४ नव्हे, १९९३. लेखात दुरुस्त केलं. चूक दाखवली की मी मान्य करतो, इथले जुने वाचक हे जाणतात.

पण ते शेवटचं वाक्य मला सोडवत नाही. मत पटलं नाही, तर पटलं नाही म्हणावं. त्यात ‘डोंबल’ कशाला? आणि ‘तमाशा’ हा शब्द शिवी म्हणून कुठं वापरता, तर सांगली जिल्ह्यात? रेठरे हरणाक्ष आपल्याच वाळवा तालुक्यातलं. तिथले श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरदार, जात, मान सोडून फडावर गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. अण्णा भाऊ साठ्यांचं वाटेगावही त्याच तालुक्यात. या मातीत बसून एखाद्या वाद्याला हिणवायला तुम्हाला ‘तमाशा’ हाच शब्द सुचावा, याचं मला खरंच वाईट वाटलं.

आणि त्याच तमाशात सुरत्याच्या, म्हणजे मागं उभं राहून सूर धरणाऱ्याच्या, हातात काय असतं? तुणतुणं. तार किती? एक. तळाला चामडं ताणलेलं, त्यातून वर खुंटीपर्यंत गेलेली एकच तार. ढोलकी थांबते, गाणारी दम घेते, तेव्हा सूर धरून ठेवायचं काम ती एक तार करते. तुणतुणं काढून घ्या आणि मग लावणी कशी वाटते ते सांगा. सांगलीपासून दहा-बारा किलोमीटरवर, तुमच्याच गावात, सतारमेकर गल्लीत जे तंबोरे होतात त्यांना तारा चार. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा येतो, कारागीर तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासत बसतो, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर मागंपुढं सरकवतो, आणि त्या चार तारांतून आवाजाचा डोह उभा राहतो. २०२४ साली त्या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालं. तारा मोजून कुणी दिलेलं नाही ते. ‘आमच्या घरात तीन पिढ्या गाणं आहे’ असं आपण लिहिलंत. मग हे मी आपल्याला सांगायचं?

मार्क सँडमननं बेसच्या नेहमीच्या चार तारांतल्या दोनच ठेवल्या आणि त्या स्लाइडनं वाजवल्या. स्लाइड म्हणजे बोटात घातलेली नळी. ती तारेवरून सरकते तेव्हा सूर पडद्यापडद्यावर उड्या मारत जात नाही, एकातून दुसऱ्यात ओघळतो. याला आपल्याकडं मींड म्हणतात. रॉकमध्ये तळाच्या सुरांत अशी मींड घेणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही. शेजारी डेना कॉलीचा बॅरिटोन सॅक्सोफोन, तोही खर्जातला. कधीकधी तो दोन सॅक्सोफोन एकदम तोंडात धरून वाजवायचा. मागं ड्रम्स, आधी जेरोम ड्यूप्री, नंतर बिली कॉनवे. सगळं खाली, जमिनीलगत, आणि वरची मोकळी जागा सँडमनच्या जाड, सावकाश गळ्याला. तो स्वतः याला ‘लो रॉक’ म्हणायचा.

राहता राहिलं, ज्याला गिटार जमत नाही तो असलं करतो, हा तुमचा सूर. अहो, याआधी हाच माणूस ‘ट्रीट हर राइट’ नावाच्या ब्लूज बँडमध्ये गिटारच वाजवत होता! तिथंही तो तिचा आवाज यंत्रानं खाली उतरवून घ्यायचा. गिटार येत होती. त्याला हवं ते तिच्यात सापडत नव्हतं, म्हणून तो तारा कमी करत गेला. लिहिण्याआधी एवढं शोधायला पाच मिनिटं पुरली असती.

आणि मला वाजवता येत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं? माझे चुलते सांगलीत लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. लगीनसराईत पहाटे उठून ते रीड, म्हणजे सॅक्सोफोनच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी, तोंडात भिजवत ओसरीवर बसलेले असायचे. बोलायचे नाहीत, नुसते हातानं खुणा करायचे. रीड नीट भिजल्याशिवाय पहिला सूर फाटतो. सात वर्षांचा असताना त्यांची पेटी उचलून मी वरातीमागं चाललोय. पुढं कॉलेजात असताना मी एका ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, सलग तीन गणपती. तासगाव तालुक्यातल्या एका जत्रेत मालकानं भर कार्यक्रमात माझ्या अ‍ॅम्प्लिफायरची वायर उपटली आणि चारचौघांसमोर म्हणाला, ‘बेस ऐकू आला नाही पाहिजे, नुसता असला पाहिजे.’ त्या रात्रीचे पैसेही दिले नाहीत. तुमचं वाक्य वाचलं आणि मला पंचवीस वर्षांनी तोच आवाज ऐकू आला. त्याला वाद्य कळत नव्हतं. तुम्हाला तीन पिढ्यांचं गाणं असून तेच म्हणावंसं वाटतं, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर वर्षभरात मित्रानं पुण्याहून या बँडची कॅसेट आणली. खणभागातल्या आमच्या घरी, माळ्यावरच्या खोलीत, मी माझ्या बेसच्या वरच्या दोन तारा काढून टाकल्या. नळाच्या पाइपचा बोटभर तुकडा कापून कानशीनं घासून घेतला. तिसऱ्या दिवशी कुठं सूर लागला. तो लागला तेव्हा खालच्या फडताळातले स्टीलचे पेले एकमेकांना लागून किणकिणायला लागले, आणि आईनं जिन्यातून हाक मारली, ‘काय रे, कोयनेचा धक्का बसला का?’ दोन तारांवर काय वाजतं, असं विचारलंत ना? हे वाजतं. पेले अजून आहेत त्या घरात.

कंपनीच्या वितरणाबद्दल फार लिहीत नाही. पहिला अल्बम तिकडच्याच एका छोट्या कंपनीनं काढला, मग १९९३ मध्ये ‘रायकोडिस्क’नं तो पुन्हा आणला, १९९७ मध्ये ‘ड्रीमवर्क्स’ आली, हे सगळं मला माहीत आहे. पण कंपनी येण्याआधी क्लबांत येणारी माणसं होती. कॅसेट दुकानात ठेवता येते, माणसाला उभं राहून ऐकायला लावता येत नाही. ३ जुलै १९९९ ला सँडमन गेला तो रोमजवळच्या पॅलेस्ट्रिनात, स्टेजवर, वाजवता वाजवता, ४६ व्या वर्षी. बोस्टनचा माणूस इटलीतल्या त्या गावात वाजवत होता, कारण तिथंही ऐकणारे होते. बोस्टनशेजारच्या केंब्रिजमधल्या एका चौकाला पुढं त्याचं नाव दिलं गेलं. चौकाला नाव वितरणानं मिळत नाही. या मुद्द्यावर माझ्याकडून एवढंच.

लेख लांब आहे म्हणालात. शेवटपर्यंत वाचलात, त्याबद्दल आभार. त्यात मी येतो, कारण ऐकणारा मी होतो. ते बदलणार नाही.

आपली प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. तिच्याखाली आणखी दोघांनी ‘सहमत’ एवढंच लिहिलंय. त्यांना वेगळं उत्तर देत बसत नाही. तुम्ही मात्र ‘तमाशा’ हा शब्द मागं घ्या. मग कंपनीवर, वितरणावर, हवं त्यावर बोलू. तोवर माझ्याकडून पुढचं उत्तर नाही.