जपानचा सहा दिवसांचा रस्ता आणि वाजिमा शहर

जपानमध्ये भूकंप झाला की मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एका रस्त्याच्या छायाचित्रासह एक जुना मजकूर पुन्हा फिरू लागतो: तिथे इमारती हलतात पण पडत नाहीत, उखडलेला रस्ता सहा दिवसांत पूर्ववत होतो, वर्षभरात आपत्तीची खूणही उरत नाही, कारण ते लोक शिस्तीचे. यातला रस्ता खरा आहे. मार्च 2011च्या भूकंपात इबाराकी प्रांतातील नाका येथे द्रुतगती मार्गाचा सुमारे 150 मीटरचा भाग फाटला आणि तो सहा दिवसांत दुरुस्त झाला. आक्षेप आहे तो त्या एका छायाचित्रावरून काढलेल्या निष्कर्षांना.

नोतो द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावरील वाजिमा हे रोगण केलेल्या लाकडी भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेले छोटे शहर आहे. 1 जानेवारी 2024 रोजी दुपारी 4 वाजून 10 मिनिटांनी तिथे 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा इमारती पडल्या; एक सात मजली काँक्रीटची इमारत तर समूळ आडवी झाली. जपानचे कडक भूकंपरोधक निकष 1981 पासूनचे आहेत आणि ते नव्या बांधकामाला लागू होतात, तर वाजिमातील निम्म्याहून कमी घरे त्या निकषांत बसत होती. जड कौलांची जुनी लाकडी घरे आणि त्यांत राहणारी वृद्ध माणसे, ज्यांना मजबुतीकरणाचा खर्च उतारवयात व्यर्थ वाटतो, हे तिथले वास्तव होते. डोक्यावरचे ओझेच जीव घेते, हे किल्लारीनंतर आपल्याला तरी सांगावे लागू नये. सकाळच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागात आग लागली, तेव्हा जलवाहिन्या फुटल्याने अग्निशामक नळांना पाणी नव्हते. सुमारे 240 इमारती जळाल्या.

रस्त्यांचे म्हणाल, तर डोंगर आणि समुद्र यांच्यामधून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 249 दरडींखाली अनेक ठिकाणी गाडला गेला आणि द्वीपकल्पावरील तीन हजारांहून अधिक लोक काही काळ तुटून राहिले. सपाट प्रदेशातील रस्त्याला पर्यायी वाट असते आणि यंत्रे तिथवर पोहोचतात. इथे दरड हटवायला जाणारी यंत्रेच आधीच्या दरडीपाशी अडत होती. किनाऱ्याची जमीन काही ठिकाणी चार मीटरपर्यंत वर उचलली गेली, बंदराचा तळ उथळ झाला, आणि मासेमारी नौकांना बाहेर काढण्यासाठी आधी तळ उपसावा लागला.

‘वर्षभरात खूणही उरत नाही’ हे विधान सर्वांत कच्चे आहे. 21 सप्टेंबर 2024 रोजी वाजिमात एका तासात 121 मिलिमीटर पाऊस झाला, भूकंपाने सैल झालेले डोंगरउतार पुन्हा खचले आणि भूकंपग्रस्तांसाठी नुकतीच उभारलेली तात्पुरती घरेही पाण्यात गेली. सपाट जागेची टंचाई असल्याने यांतील काही वसाहती पुराचा धोका नकाशावर नोंदलेल्या जमिनीवरच बांधाव्या लागल्या होत्या. परिणामी अनेक कुटुंबे, आठ-नऊ महिन्यांपूर्वी घर गमावून कशीबशी सावरलेली, पुन्हा निवारा केंद्रात परतली.

राहिली शिस्त. ती होतीच, निवारा केंद्रांतही होती. पण ऐन हिवाळ्यात वीज-पाण्याविना काढलेल्या दिवसांवर आणि वारंवारच्या स्थलांतरावर तिचा उपाय नव्हता. भूकंपात थेट 228 माणसे दगावली, तर पुढे याच हालअपेष्टांनी दगावलेल्यांची, प्रामुख्याने वृद्धांची, सरकारी नोंदीतील संख्या त्याहून अधिक झाली.