साधं पाणी पेशीत शिरतं

धायरीतल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मजकूर या महिन्यात चारदा फिरला. वारजे, नऱ्ह्याच्या नातेवाइकांकडूनही तोच आला. थोडक्यात असा: 'साध्या पाण्याचे रेणू मोठमोठ्या गुच्छांत असतात. त्यामुळे ते पेशीत शिरत नाही, नुसतं लघवीवाटे निघून जातं. यंत्रातल्या अल्कलाइन पाण्याचे गुच्छ लहान असतात, ते पेशीच्या दारातून थेट आत जातं. या दाराच्या शोधाला २००३ चं नोबेल मिळालंय. हे पाणी पेशींना अल्कलाइन करतं. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी देऊ नका, साखर विष आहे. हेच पाणी पाजा.'

२०२५ च्या जानेवारीत नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या आमच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, हातपाय लुळे पाडणारा मज्जातंतूंचा आजार) रुग्ण एकामागून एक सापडले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. तेव्हापासून इथल्या घरांत पाण्याची धास्ती आहे आणि ती अनाठायी नाही. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. या धास्तीच्या जोरावर चुकीची गोष्ट घरोघरी पोचतेय, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासते.

आधी गुच्छांचं. पाण्याचे रेणू शेजारच्या रेणूंना धरून असतात हे खरं. पण ही पकड एका सेकंदाच्या साधारण लाख कोटीव्या भागात सुटते आणि दुसऱ्या रेणूशी जुळते. यंत्राच्या तोटीतून पेल्यात पडेपर्यंत टिकेल असा गुच्छ, लहान किंवा मोठा, पाण्यात नसतोच.

साधं पाणी पेशीत शिरत नाही? मंडईतून आणलेली कोथिंबिरीची मलूल जुडी देठं बुडवून नळाच्या पाण्यात ठेवा. तासाभरात पानं ताठ होतात, कारण पाणी पेशींत शिरलेलं असतं. उलट काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावलं की वाटीत पाणी सुटतं. तिथे ते पेशींतून बाहेर आलेलं असतं. पाणी कुठल्या बाजूला जाणार हे पेशीपटलाच्या दोन्ही अंगांना विरघळलेले क्षार आणि साखर ठरवतात. जिकडे त्यांचं प्रमाण जास्त, तिकडे पाणी ओढलं जातं. यालाच आपण शाळेत परासरण म्हणून शिकलो. तांबड्या रक्तपेशी शुद्ध पाण्यात टाकल्या तर पाणी शिरून त्या फुटतात. म्हणून तर शिरेतून नुसतं पाणी देत नाहीत, ०.९ टक्के मिठाचं सलाइन देतात. आणि 'नुसतं निघून जातं' म्हणावं, तर मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि लघवी होते जेमतेम दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं शरीर परत घेतं.

आता नोबेल. याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण लोक या नावापाशी गप्प होतात. पीटर अॅग्रे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तांबड्या पेशींवरच्या आरएच प्रथिनाचा अभ्यास करत होते. त्यांच्या नमुन्यांत एक अनोळखी प्रथिन पुन्हा पुन्हा येऊ लागलं. ते कशाचं, हे पाहायला त्यांनी बेडकाची अंडी घेतली. ही अंडी तळ्यात राहूनही फुगत नाहीत, कारण त्यांच्या पटलातून पाणी फार हळू जातं. काही अंड्यांना ते प्रथिन बनवायला लावलं आणि सगळी अंडी पातळ द्रावणात ठेवली. प्रथिन असलेली अंडी काही मिनिटांत फुगून फुटली, बाकीची होती तशी राहिली. हा निष्कर्ष १९९२ साली छापून आला आणि पाण्याच्या त्या वाटेला ॲक्वापोरिन हे नाव मिळालं. म्हणजे दार खरं आहे. पण त्यातून पाण्याचे रेणू एकामागे एक, एकेरी रांगेत जातात, एका दारातून सेकंदाला अब्जावधी. तिथे गुच्छाचा प्रश्नच येत नाही. शिवाय हे दार विद्युतभारित कणांना अडवतं, हायड्रोजन आयनालासुद्धा. पाणी आम्ल की अल्कली हे ज्या आयनांवर ठरतं, त्यांनाच इथे मज्जाव आहे. ज्या शोधाचा दाखला दिलाय, तोच शोध या दाव्याच्या विरोधात जातो.

पेशी अल्कलाइन होण्याचं तर थोडक्यात सांगता येईल. प्यालेलं पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात मिसळतं. रक्ताचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप) फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ मध्ये राखतात.

उरलं शेवटचं विधान. बाकी चुकांनी पैसे जातील, या चुकीने मूल जाऊ शकतं. गेल्या पावसाळ्यात ओळखीच्या एका आजींनी जुलाब होणाऱ्या नातवाला दिवसभर हेच पाणी पाजलं. संध्याकाळी त्याला सलाइन लावावं लागलं.

लहान आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू बरोबरच आत घेतं. दोन्ही हजर हवेत. पेशीच्या मागच्या अंगाचा पंप मग सोडियम बाहेर रक्ताच्या बाजूला ढकलतो आणि पाणी त्याच्यामागे जातं. कॉलऱ्यातसुद्धा ही वाट चालू राहते. नुसत्या पाण्याने ती उघडत नाही, आणि जुलाबातून गेलेलं सोडियमही भरून येत नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत भरून दिलं. कॉलऱ्याचे मृत्यू शंभरामागे तीसच्या आसपास होते, ते चारच्या खाली आले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं.

साखरेबद्दलची भीती एका बाबतीत योग्य आहे. फार गोड पेय, म्हणजे कोल्ड्रिंक किंवा डब्यातला रस, आतड्यात उलट पाणी ओढतो आणि जुलाब वाढतात. जलसंजीवनीत (ओआरएसच्या पाकिटातल्या मीठ-साखरेच्या पाण्यात) मात्र लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असं मोजून घातलेलं असतं. म्हणून पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट विरघळवा. पाकीट नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मूल सुस्त दिसलं, लघवी थांबली किंवा शौचात रक्त आलं तर लगेच डॉक्टरकडे न्या, वाटेतही पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने सुरू करा.