जोडलंय, पण लागत नाही

मी शिवाजी पेठेत बसून बारक्या दुकानदारांचे हिशेब बघतो. जीएसटीचं महिन्याचं रिटर्न २० तारखेच्या आत भरायचं असतं, म्हणून दुकानदार मला बिलं १९ ला रात्री पाठवतात, तीही व्हॉट्सॲपवर, आडवे फोटो काढून. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि ती भरताना चेहरा असा की पैसे मीच खाल्लेत. अशाच एका २० तारखेला, दिवेलागणीला, लॅपटॉपनं कोपऱ्यातली वायफायची खूण काढून तिथं पृथ्वीचा गोळा मांडला. वायफाय जोडलेलं आहे, इंटरनेट नाही.

माझा मोबाइल त्याच वायफायवर खुशाल चालत होता. टीव्हीवर आईची मालिका सुरू होती आणि तिच्यातल्या सासूला एक क्षणही अडकायला होत नव्हतं. लाइनच गेली असती तर मी दुकानदारांना तसं सांगून मोकळा झालो असतो. पण सगळ्या घरात फक्त माझ्या पोटावर पाय.

पहिला संशय भिंतीवर. घर जुनं, भिंती काळ्या दगडाच्या, हातभर जाड. वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यांच्यापुढं हात टेकतो, २.४ वाला रखडत माडीवर येतो. मोबाइलची रेंज तर फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडते, तेव्हा ‘हॉटस्पॉट लाव की’ म्हणणाऱ्यांनी आधी तिथं मांडी घालून दाखवावी. लॅपटॉप घेऊन खाली आलो आणि राउटरला खेटून बसलो. सिग्नल भरघोस, नेट शून्य.

कोल्हापुरात घरात काही बिघडलं की न बोलावता चारजण येतात. शेजारचे तात्या आले आणि म्हणाले, “बंद करून चालू कर.” हा सल्ला ते पाण्याच्या मोटरीलाही देतात आणि जावयालाही. केलं. दुसरा म्हणाला, मायक्रोवेव्ह बंद करा. हे ऐकायला खुळ्यासारखं वाटलं तरी खरं आहे. ते यंत्र २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतं आणि वायफायच्या कानात ओरडतं. फक्त आमच्याकडं मायक्रोवेव्ह नाही. मग कुणाकडं आहे यावर चर्चा सुरू झाली आणि ती कुणाच्या सुनेनं हप्त्यावर काय घेतलं इथपर्यंत गेली. ग्राहक सेवेतल्या मुलीनं विचारलं, डब्यावर लाल दिवा लागलाय का? नव्हता. “मग आमच्याकडून नेट सुरू आहे सर.” खरंच होतं ते.

शेवटी पुण्याच्या दाजींना फोन. त्यांनी लॅपटॉपवर हुकूम लिहायची काळी खिडकी उघडायला लावली, ‘आयपीकॉन्फिग’ लिहायला लावलं आणि म्हणाले, “वाच.” मी वाचलं: १६९.२५४ आणि पुढं काहीबाही. तिकडं शांतता.

“तुझ्या राउटरनं तुला पत्ताच दिलेला नाही.”

दाजी सांगतात ते असं. घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता भाड्यानं देतो; या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात, १९९३ पासूनची आहे. भाड्याची मुदत निम्मी झाली की मोबाइल गुपचूप करार वाढवून घेतो, म्हणून त्याची जागा शाबूत. खोल्याच शिल्लक नसल्या, की नव्यानं आलेला लॅपटॉप स्वतःच १६९.२५४ चा पत्ता घेऊन रस्त्यावर उभा राहतो. त्या पत्त्यावरून बाहेरच्या जगात काहीच जात नाही.

“पण दाजी, घरात माणसं तीन.”

इतक्यात तालमीतलं एक पोरगं दारात डोकावलं. “काका, नेट लागंना व्हय? माझ्या मोबाइलवर तर मस्त पळतंय की.”

राउटरचं पान उघडलं. नेट जोडून देणाऱ्या पोरानं पत्ते ठेवले होते दहा, आणि दहाही भरलेले. माझा मोबाइल आणि टीव्ही सोडले तर बाकी सगळी गल्ली. एकाच्या फोनचं नाव ‘पेठेचा राजा’. एक तर कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा होता.

“आई, पासवर्ड कुणाला दिलास?”

“दिला कुठं? कॅलेंडरवर लिवलाय दुधाच्या हिशेबाखाली. ज्येला पायजे त्यो बघतोय.”

“मी बदलतो.”

“खबरदार. आज पोरांची मॅच हाय. २०१९ च्या पुरात तुझ्या आत्तीला आंबेवाडीतनं नावंत घालून कुणी आणलं? तू तवा कुठं हुतास?”

मी तेव्हा कुठल्यातरी व्यापाऱ्याचं रिटर्न भरत होतो. हे उत्तर द्यायचं नसतं.

पासवर्ड तसाच ठेवला आणि पत्ते दहाचे दोनशे केले. ‘सेव्ह’ दाबल्याबरोबर राउटर स्वतःच बंद होऊन चालू व्हायला लागला आणि खालच्या कट्ट्यावरनं एकदम बोंब उठली. युरोपात कुणीतरी पेनल्टी मारायला धावत निघालं होतं म्हणे. तात्यांनी खिडकीतून ओरडून धीर दिला, “बंद करून चालू केलंय!”

लॅपटॉपला पत्ता मिळाला. गोळा गेला. साडेदहाला एकेकाचं रिटर्न चढवायला बसलो, तोवर तेच पोरगं परत दारात.

“काका, मगाधरनं नेट लई हळू झालंय. बघा की जरा, कोण तरी जादाचं बसलंय त्यात.”