टोपीची पिन, जुगाड आणि काळे हात : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मोटारगाडीचे जनक कार्ल बेंझ यांच्या पत्नी बेर्टा बेंझ यांनी ऑगस्ट १८८८ मध्ये जर्मनीत मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत केलेल्या मोटारप्रवासात वाटेत काय काय बिघडले आणि ते कसे निस्तरले, यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु ‘इंधनाच्या नळीत टोपीची पिन खुपसणे हे दोषनिदान नव्हे, तो जुगाड झाला, लेखकाने आयुष्यात कधी हात काळे केलेले दिसत नाहीत’ हे वाक्य ज्या सुरात आले आहे, तो सूर वाचकाचा नाही, तोंडी परीक्षा घ्यायला बसलेल्या आणि निकाल आधीच ठरवून आलेल्या माणसाचा आहे.

एक चूक मात्र मोकळेपणाने मान्य करतो. व्हीसलोख येथील औषधविक्रेत्याकडून त्यांनी ‘पेट्रोल’ घेतले, असे मी लिहिले होते. ते लिग्रोइन होते. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठी तेव्हा औषधांच्या दुकानात मिळणारे हलके खनिज तेल. आपण हे दाखवून दिलेत, आभारी आहे.

आता काळ्या हातांविषयी. माझ्या वडिलांचे सांगलीत गॅरेज होते आणि शाळेच्या सुट्ट्या मी तिथे रॉकेलमध्ये सुटे भाग धुण्यात घालवल्या. एकदा एक टेम्पो आला, तो सपाट रस्त्यावर उत्तम चाले आणि खडबडीत रस्त्यावर मिसिंग करी, म्हणजे मधूनच अडखळे. मी इंधन आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर दोनदा उघडून धुतला. वडील काही बोलले नाहीत. अंधार पडल्यावर त्यांनी गॅरेजमधले दिवे घालवायला सांगितले, इंजिन सुरू केले आणि वायरी हाताने नाही, तर लाकडी दांडीने हलवल्या. प्लगच्या वायरीचे आवरण जिथे घासले गेले होते तिथून एक निळी ठिणगी लोखंडावर उडाली. पुढची दुरुस्ती म्हणजे चिकटपट्टीचे दोन वेढे. आपल्या व्याख्येनुसार हाही जुगाडच.

लेखात मी जे मांडले ते नेमके हेच होते, आणि आपण ते वाचलेले दिसत नाही. बेर्टाबाईंच्या गाडीत प्रज्वलनाच्या वायरीचे आवरण झिजले, तेव्हा त्यांनी मोजे बांधायचा पट्टा काढून वायरीला गुंडाळला. नळी तुंबली तेव्हा टोपीची पिन वापरली. आपले लक्ष पट्ट्यावर आणि पिनेवर खिळले. माझे लक्ष याकडे होते की एकदा त्यांनी वायरीला हात घातला आणि एकदा नळीला. एका सिलिंडरचे इंजिन रस्त्यात गप्प झाले, तर मूळ प्रश्न दोनच असतात : ठिणगी पडते आहे का आणि इंधन पोचते आहे का. वायर लोखंडाला टेकली की इंजिन क्षणात बंद पडते आणि हादऱ्याबरोबर पुन्हा पकडते. नळी तुंबली की ते अडखळत, धापा टाकत मरते. हा फरक कानाने ओळखावा लागतो. (जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या इंधनाच्या बारीक भोकात, धातूची पिन घालू नये, त्याने भोक मोठे होते, हे मलाही ठाऊक आहे, कारण त्यासाठी मी मार खाल्लेला आहे. नळी म्हणजे जेट नव्हे.)

आणि हा कान त्यांच्याकडे कुठून आला, असे आपण विचारणार असाल, तर १८७९ च्या वर्षअखेरच्या रात्री कार्ल बेंझ यांचे दोन स्ट्रोकचे इंजिन पहिल्यांदा नीट चालले, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. लग्नाआधीच त्यांचा पैसा कार्ल यांच्या कारखान्यात गुंतला होता. ‘बाईंनी हाताला येईल ते वापरले’ असे लिहिताना हे आपल्या ध्यानात राहिले असते, तर वाक्य जरा नीटनेटके झाले असते.

जुगाड माणूस करतो आणि विसरतो. इथे उतारावर लाकडी ब्रेक झिजू लागल्यावर त्यांनी चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले, आणि चढावर सोबतच्या दोन्ही मुलांना गाडी ढकलावी लागली म्हणून परतल्यावर आणखी एका कमी वेगाच्या गिअरची गरज असल्याचे सांगितले. वाटेतला दोष रचनेतल्या उणिवेपर्यंत नेऊन पोचवणे याला दोषनिदान म्हणायचे नसेल, तर तो शब्द कशासाठी राखून ठेवायचा, हे आपणच सांगावे.

राहता राहिले आपले इतर मुद्दे. या हकिकती घरच्या मंडळींनी नंतर सांगितलेल्या आठवणींवर उभ्या आहेत, हा आक्षेप ऐकायला बरा वाटतो. पण त्या कसोटीने कोणत्या जुन्या प्रवासाविषयी काही लिहिता येईल? गाडीची चेन ताणायला वाटेतल्या ब्रुखझाल गावच्या लोहाराची मदत घ्यावी लागली, म्हणजे त्यांना स्वतःला काही येत नव्हते, या युक्तिवादावर मी शाई खर्च करणार नाही. चेनची कडी काय दातांनी दाबायची होती?

‘पेट्रोल’ हा शब्द आज सकाळी दुरुस्त केला आहे. मूळ लेखाच्या शीर्षकातले ‘दोषनिदान’ तसेच राहील.