चहा, गांजा आणि कोळ्याचे जाळे

नागपुरात फुटाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांपासून महाविद्यालयीन मुलांच्या गटांपर्यंत, विस्कटलेल्या जाळ्यांच्या छायाचित्रांसह एक संदेश फिरतो आहे : ‘नासाने कोळ्यांवर प्रयोग करून सिद्ध केले, चहा-कॉफी गांजापेक्षा घातक.’

छायाचित्रे खरी आहेत, आणि चहा-कॉफीतले कॅफिन दिलेल्या कोळ्याच्या जाळ्यात ना केंद्र दिसते, ना आरे, हेही खरे. मात्र १९९५ मध्ये ती प्रसिद्ध करणाऱ्या नासाच्या मार्शल केंद्रातील संशोधकांना माणसाने काय प्यावे हे ठरवायचे नव्हते. रसायनांची विषारीपणाची चाचणी वरच्या श्रेणीतील प्राण्यांऐवजी कोळ्यांवर करता येईल का, हे पाहण्यासाठी त्यांनी जाळ्यातील घरांच्या किती बाजू अपूर्ण राहिल्या ते संगणकाने मोजले.

कल्पनाही नासाची नव्हे. १९४८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ हान्स पीटर्स कोळ्यांच्या पहाटे जाळे विणण्याच्या सवयीने जेरीस आले होते. ती वेळ बदलावी म्हणून औषधशास्त्रज्ञ पीटर विट यांनी कोळ्यांना साखरपाण्यातून औषधे दिली. वेळ बदलली नाही, जाळ्याचा आकार बदलला, आणि विट यांना पुढील अनेक वर्षांचे संशोधन मिळाले.

संदेशाचा तर्क येथेच कोसळतो. विट यांच्या प्रयोगांत एलएसडी या भास घडवणाऱ्या अमली पदार्थाच्या अल्प मात्रेने जाळे नेहमीपेक्षा अधिक नीटनेटके झाले होते. जाळ्याच्या सुबकतेवरून पदार्थाचा निरुपद्रवीपणा ठरत असेल, तर टपरीवर चहाऐवजी एलएसडी विकावे लागेल!

राहिला कॅफिनचा प्रश्न. वनस्पती ते बनवतात याचे एक कारण स्वसंरक्षण हे आहे. ते नैसर्गिक कीटकनाशकाचे काम करते, असे जेम्स नेथनसन यांनी १९८४ मध्ये दाखवले. कीटक आणि कोळी हे वेगवेगळ्या वर्गांतले जीव असले, तरी एवढ्याशा देहावर अशा द्रव्याचा परिणाम व्हावा यात नवल नाही, आणि त्यावरून कपभर चहा पिणाऱ्या माणसाविषयी काही ठरतही नाही. शिवाय परिणाम मात्रेनुसार उलटतो. कॉफी आणि लिंबूवर्गीय झाडांच्या फुलांतील मकरंदात मधमाशीला कडू लागणार नाही इतके अल्प कॅफिन असते; जेराल्डिन राइट आणि सहकाऱ्यांच्या २०१३ च्या प्रयोगांत, अशा मात्रेतील कॅफिन मिळालेल्या मधमाश्यांपैकी चोवीस तासांनंतरही फुलाचा गंध आठवणाऱ्यांची संख्या तिप्पट भरली. आपला संत्राही याच लिंबूवर्गातला आहे, आणि आंबिया बहाराच्या दिवसांत काटोलकडच्या बागांत घोंघावणाऱ्या मधमाश्यांची वाट त्या मकरंदाने चुकलेली दिसत नाही.