घाम गाळला म्हणून किडनी धुतली जात नाही

ऊन तापायला लागलं की आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. यंदा तो बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीच्या पोरांनीही पुढं ढकलला आणि अथणीकडच्या ऊसतोडीच्या मुकादमानंही. थोडक्यात मजकूर असा: कष्टकऱ्याची किडनी बिघडत नाही, कारण विष घामातून निघून जातं. अंगावर घाम असताना पाणी पिऊ नये, किडनीला धक्का बसतो. संध्याकाळी घरी येऊन तीन लिटर पाणी एका दमात प्यावं, किडनी धुऊन निघते. अंग दुखलं तर एक गोळी घेऊन झोपावं.

शेवटचं आधी घेतो, कारण सगळ्यात घातक तेच. दिवसभर उन्हात राबून अंगातलं पाणी आटलेलं असतं, तेव्हा किडनीला रक्त पुरवणारी नळी उघडी राहावी म्हणून शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार करतं. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्यावरच्या गोळ्या नेमकी हीच द्रव्यं अडवतात. म्हणजे वरून पाणी कमी आणि आतून नळी आवळलेली. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय पट्टी आणायची आणि फडात रोज एक गोळी पोटात ढकलायची, ही सवय आपल्याकडं किती मुरलीय हे सांगायला नको.

आता घामाचं. घाम म्हणजे जवळपास सगळं पाणी आणि थोडं मीठ. युरिया त्यात असतो, पण नावापुरता. किडन्या दिवसाला साधारण 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीडेक लिटर लघवी होते. हे काम कातडीला जमत नाही. उलट घाम जितका जास्त, तितकं किडनीच्या वाट्याला पाणी कमी. आणि कष्टकऱ्याला काही होत नाही म्हणणाऱ्यानं मध्य अमेरिकेकडं बघावं. 2002 साली एल साल्वाडोरच्या डॉक्टरांनी नोंदवलं, की डायलिसिसला येणाऱ्या बऱ्याच जणांना ना साखर होती ना बीपी. बहुतेक जण शेतात राबणारे पुरुष. पुढं निकाराग्वाच्या ऊसपट्ट्यातही तेच दिसलं, तेही ऐन तारुण्यात. कारणांवर अजून वाद आहे, पण उन्हातली अंगमेहनत आणि वारंवार पाणी आटणं यावर मोठा संशय आहे. कोयता घेऊन ऊस तोडणाराच तो माणूस, ओ!

घामावर पाणी पिऊ नये, हे आमची आजीही म्हणायची. धापा टाकत असताना थंडगार पाणी ढसाढसा प्यायलं तर पोटात कळ येऊ शकते, एवढंच त्यात खरं. किडनीला धक्का वगैरे काही नाही. उन्हातल्या जड कामात तासाला लिटरभर घाम सहज जातो. तहान लागेपर्यंत थांबलं तर उशीर झालेला असतो. म्हणून दर 15-20 मिनिटांनी एक पेला पाणी, मध्येच सावलीत टेकणं, आणि जेवणात मीठ घातलेलं ताक किंवा नाचणीची आंबील. घाम फारच गेला तर लिटरभर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. थंड बाटलीबंद गोड पेयानं हे भागत नाही.

संध्याकाळच्या तीन लिटरनं दिवसभराचं नुकसान भरून निघत नाही. एकदम इतकं ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरून डोकं दुखतं, उलट्या होतात, फार झालं तर झटकेही येतात. तासाला दीड लिटरच्या वर जाऊच नये. ज्यांची किडनी आधीच अधू आहे त्यांनी तर पाण्याचं माप डॉक्टरांकडूनच घ्यावं.

लघवी गडद पिवळी दिसली की पाणी कमी पडतंय. चहाच्या किंवा कोलाच्या रंगाची आली तर काम थांबवून दवाखाना गाठायचा. पण रंगावर सगळं कळत नाही. किडनी बरीच बिघडेपर्यंत काही दुखत नाही, म्हणून हंगाम संपल्यावर एकदा रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचं द्रव्य, तपासून घेतलेलं बरं.

मेसेजमध्ये बायकांचा तर उल्लेखच नाही. फडात, खानापूरकडच्या वीटभट्टीवर आडोसा नसतो, म्हणून त्या सकाळपासून पाणीच टाळतात. त्यांना पेल्यांचा हिशेब सांगण्याआधी मुकादमाला चार बांबू आणि एक ताडपत्री मागायला हवी.