दाखल्यासाठी शोधलेले पूर्वज

माहेरच्या ग्रुपवर कुणबी नोंदींचा वाद पुन्हा पेटला आहे. तहसीलला लागलेल्या रांगा, मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध, हे सगळं झाल्यावर पुण्याच्या दादानं लिहिलं, "सवलत दिसली की पणजोबा आठवतात. तिकडं आयर्लंडमध्ये बघा, लोक निव्वळ प्रेमापोटी कूळ शोधतात." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं, हे सगळ्यांना कळलं. आरक्षण कुणाला मिळावं यावर मी इथं आयर्लंडच्या कॉर्क शहरात बसून मत देणार नाही. पण आयर्लंडचं उदाहरण द्यायचं तर ते पुरतं द्यावं.

इथल्या जुन्या जनगणनांचे कागद जवळजवळ गेले. 1821 ते 1851 चे बहुतेक 1922 च्या जूनअखेर जळाले. यादवी सुरू होऊन दोन दिवस झाले होते आणि डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातला सरकारी दप्तरखाना भस्म झाला. 1861 आणि 1871 चे सरकारनंच आधी नष्ट केले होते, 1881 आणि 1891 चे पहिल्या महायुद्धात लगद्याला गेले. तरीही 1841 आणि 1851 मधली कितीतरी घरं आज सापडतात. कशी, तर म्हातारपणाच्या पेन्शनमुळे. 1908 च्या कायद्यानं सत्तरी गाठलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत मिळू लागले. वयाचा पुरावा कुणाकडे असणार? जन्मनोंदणीच मुळी 1864 पासूनची. मग माणसं अर्ज करायची : आमच्या आईबापांचं नाव हे, टाउनलँड, म्हणजे वाडीएवढा जमिनीचा विभाग, हा, जुन्या जनगणनेत आमचं घर शोधा. कारकून शोधायचे, सापडलेलं अर्जावर उतरवायचे. मूळ कागद जळाले, या चिठ्ठ्या उरल्या आणि आता राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर कुणालाही फुकट बघता येतात. दादा, पाच शिलिंगांसाठी रांग लावणाऱ्या त्या गरिबांनीच या देशाचा इतिहास वाचवला. रांगेतल्या माणसाला हसू नये.

शेजारच्या आजींचं घराणं आम्ही दोघींनी माझ्या लॅपटॉपवर शोधलं. मूळ कॉर्क परगण्यातल्या स्किबरीन गावाकडचं. 1911 चा फॉर्म घरच्या कर्त्यानं भरायचा होता. त्यांच्या पणजोबांच्या सहीच्या जागी फुली आहे. 1901 मध्ये वय 58, 1911 मध्ये 71. पेन्शनच्या काळात अख्ख्या देशाचं वय असं वाढलेलं दिसतं. भाषेच्या रकान्यात नवराबायकोपुढे आयरिश आणि इंग्रजी, मुलांपुढे काहीच नाही. आणि पणजीपुढे : जन्मलेली मुलं 9, हयात 6. आजींनी त्या दोन आकड्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. त्यांचे बॉस्टनचे नातलग आले होते ते मात्र पासपोर्टसाठी. आजी किंवा आजोबा या बेटावर जन्मलेले असले की नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, म्हणून जन्माचा दाखला हवा होता. दाखला घेतल्यावर तेही स्किबरीनला जाऊन पडक्या घराशी उभे राहिले. प्रेम आणि लाभ असे वेगळे काढता येत नाहीत.

फरक आहे तो सरकारात. इथं 1901 आणि 1911 ची जनगणना, शंभर वर्षांपूर्वीचे जन्म, पंचाहत्तर वर्षांपूर्वीची लग्नं, पन्नास वर्षांपूर्वीचे मृत्यू, सगळं मूळ पानासकट फुकट. कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे चर्चच्या हद्दींच्या, बाप्तिस्मा-लग्नांच्या वह्या राष्ट्रीय ग्रंथालयानं 2015 मध्ये खुल्या केल्या. नावं लॅटिनमध्ये, शाई उडालेली, पण आहेत. कशासाठी हवंय असं कुणी विचारत नाही. माझ्या आजोळच्या गाव नमुना 14 ची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची, नक्कल मागायला गेले तेव्हा एका कार्यालयात पहिला प्रश्न तोच होता. कुणबी शब्द असलेली पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या साइटवर आली, हे चांगलंच झालं. पण मग पूर्ण वह्या का नाहीत? पुढच्या पानावरच्या माणसानं काय पाप केलं?

ग्रुपवर माझ्या एका वहिनीनं विचारलं की तिच्या माहेरच्या आजोबांपुढे ज्या शब्दांत जात लिहिली आहे, ती जगाला कशाला दाखवायची. तिच्या घराला हे विचारायचा हक्क आहे, माझ्या घराला तितका नाही. इथल्या फॉर्मवरही वेड्यांसाठी रकाना होता, आजचा माणूस उच्चारणार नाही अशा शब्दांत. वेड्यांच्या इस्पितळातल्या माणसांची मात्र नावं नाहीत, नुसती आद्याक्षरं आहेत. झाकायचं काय हे ठरवता येतं. अख्खं दप्तर कुलपात ठेवणं हा त्यावर उपाय नव्हे.

मला खरं टोचतं ते वेगळंच. या देशात जन्माच्या नोंदीत आईचं माहेरचं आडनाव असतं, म्हणून शेजारच्या आजींच्या पणजीचं माहेर मला ठाऊक आहे. माझ्या पणजीचं नाही. मिरजेकडच्या आमच्या गावात हेळवी यायचे, बैलावर चोपड्या लादून, सुपभर जोंधळे घेऊन सात पिढ्या म्हणून दाखवायचे. सगळे बाप आणि मुलगे. माझं नाव त्यात कधी आलंच नाही, सासरच्या वंशावळीत मी अमक्याची पत्नी. आणि इथं, किलार्नीला नागरिकत्वाची शपथ घेऊनसुद्धा, मूळची कुठली हे मला अजून विचारतात.

2022 च्या जनगणनेच्या फॉर्मवर एक मोकळी चौकट होती. तिथं हवं ते लिहा, शंभर वर्षांनी उघडू, असं सांगितलं होतं. मी देवनागरीत आईचं, आजीचं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावांसकट. पणजीचं फक्त पहिलं नाव लिहिता आलं.

दादा, हेळवी अजून येतात असं मावशी म्हणते. पुढच्या खेपेला त्यांना चहाला बसव, मानानं धान्य दे, परवानगी घेऊन चोपडीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढ. आणि विचार, सुना कुठून आल्या हे कुठं लिहिलंय का.